अल्झायमर न लागणं आणि अल्झायमर पचवणं

नव्वदी ओलांडलेली आजी. भिशीत कोणाचा हप्ता राहिलाय, धाकट्या नातसुनेचं माहेरचं आडनाव काय, सगळं तोंडपाठ. आपण कौतुकाने म्हणतो, "आजीला अल्झायमर-बिल्झायमर काही नाही हो, डोकं अगदी शाबूत आहे." यात दोन विधानं आहेत, आणि दुसरं खरं असलं म्हणून पहिलं खरं ठरत नाही.

अल्झायमरच्या खुणा मेंदूत दोन जागी सापडतात. पेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रथिनाचे साठे आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते. स्मृतिभ्रंश म्हणजे या खुणा नव्हेत. रोजचा व्यवहार कोलमडेल इतकी विस्मृती, इतका गोंधळ, म्हणजे स्मृतिभ्रंश. तपासणीत 'अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढा' असं सांगतात. वेळ मुद्दाम तीच असते: मिनिटकाटा दोनवर हवा, पण 'दहा' ऐकलेला गोंधळलेला मेंदू तो दहाच्या आकड्याकडे नेतो.

आता हे घड्याळ बिनचूक काढणाऱ्या दोन आज्या समोर बसवा. एकीच्या मेंदूत खुणा जवळपास नाहीतच. दुसरीच्या मेंदूत त्यांची गर्दी आहे. बाहेरून दोघी सारख्याच. शास्त्रज्ञ पहिल्या प्रकाराला रेझिस्टन्स म्हणतात, दुसऱ्याला रेझिलियन्स; हे शब्दही एकमेकांत मिसळावेत असेच. मला आपले साधे शब्द बरे वाटतात. एकीला आजार लागलाच नाही, दुसरीने तो पचवला.

पचवणाऱ्यांचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींच्या अभ्यासातलं. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या कामात ६७८ जोगिणी दर वर्षी चाचण्या द्यायच्या आणि मरणोत्तर मेंदू संशोधनाला देऊन जायच्या. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या आणि अखेरपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवत राहिल्या. मेंदू तपासला तेव्हा तो साठ्यांनी आणि गुंत्यांनी भरलेला. वजन फक्त ८७० ग्रॅम. एरवी प्रौढ बाईचा मेंदू बाराशे ग्रॅमच्या आसपास असतो.

न लागण्यामागे जनुकांचा हात मोठा. एपीओई जनुकाचा ई२ प्रकार असलेल्यांत अमायलॉइड कमी साठतं, ई४ असलेल्यांत जास्त. आई-बापांकडून आलेलं दान, त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

पचवण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, म्हणून अधिक रंजक. १९८८ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातल्या १३७ जणांचे मेंदू मरणोत्तर तपासले. त्यांत दहा जण असे निघाले की मेंदूत अल्झायमर, पण जिवंतपणी डोकं तल्लख. त्यांचे मेंदू वजनाला भारी होते आणि मोठ्या पेशी जास्त उरलेल्या होत्या. मुळात भांडवलच जास्त. पण सिस्टर मेरींचा ८७० ग्रॅमचा मेंदू या हिशेबात बसत नाही. म्हणून दुसरी कल्पना, कोलंबिया विद्यापीठाच्या याकोव्ह स्टर्न यांनी रुजवलेली: पैसा किती यापेक्षा तो कसा फिरवता येतो हे महत्त्वाचं. एक वाट बंद झाली की मेंदू दुसरीने काम भागवतो. शिक्षण, डोकं चालवायला लावणारं काम, माणसांत राहणं, यांतून ही गंगाजळी साठते.

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला नेमका इथे घसरतो. 'शब्दकोडी सोडवा, मेंदू साफ राहील' म्हणे! जास्त शिकलेल्यांच्या मेंदूत साठे कमी नसतात. तेवढ्याच साठ्यांचा त्यांच्या स्मरणशक्तीवर परिणाम कमी दिसतो. आणि गंगाजळी संपली की काय होतं? जास्त शिकलेल्यांत लक्षणं उशिरा येतात, पण आल्यावर घसरण जास्त वेगाने होते. तोवर आजार आत खूप पुढे गेलेला असतो.

हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण पाहिले. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्यांतही हा फरक होता. २०१३ चा हा अभ्यास. नंतर इतरत्र आलेले निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. तरी घरी मराठी, बाजारात कानडी आणि टीव्हीवर हिंदी असणाऱ्या सोलापूरकराने खूश व्हायला हरकत नाही.

जोगिणींच्या अभ्यासातला आणखी एक धागा रक्तवाहिन्यांचा. अल्झायमरच्या खुणांसोबत ज्यांच्या मेंदूत खोलवर पक्षाघाताचे बारीक व्रण होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त होता. पचवायला एकच संकट असलं तर जमतं, दोन एकदम आली की नाही. रक्तदाबाची गोळी चुकवणाऱ्या आजोबांना कोड्यांपेक्षा हे ऐकवलेलं बरं.

दोन्ही प्रकार असे सुटे वाटतात, तोवर कोलंबिया देशातल्या एका बाईंची केस येते. त्यांच्या विस्तारित कुटुंबात एका जनुकीय दोषामुळे चाळिशीतच विस्मरण सुरू होतं. त्यांना तो दोष होता, मेंदूत अमायलॉइड तर नेहमीपेक्षाही जास्त. तरी विस्मरणाची सुरुवात सत्तरीत झाली. एपीओईमधल्या 'क्राइस्टचर्च' या दुर्मिळ बदलाच्या दोन प्रती त्यांच्याकडे होत्या, आणि टाऊ मेंदूत फारसं पसरलंच नव्हतं. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे अमायलॉइड त्यांनी पचवलं, आणि टाऊ त्यांना फारसं लागलंच नाही.