पुण्यात आजारपणाची पगारी रजा: कोणाला मिळते, कशी मिळते, कागद कोणते लागतात

पावसाळा सरत आला की पुण्यात डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि भोसरी-चाकणपासून लक्ष्मी रोडच्या दुकानांपर्यंत एकच प्रश्न फिरू लागतो: सिक लीव्ह किती दिवसांची असते? खरं सांगायचं तर राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणासाठी वेगळी रजाच नाही. आजारपणातले पैसे दोन ठिकाणांहून येतात. काही दिवसांचे मालकाकडून, बाकीचे राज्य कामगार विमा योजनेतून, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ईएसआयमधून. बहुतेकांचं नुकसान होतं ते दुसऱ्या ठिकाणी, कारण पगारातून दर महिन्याला पैसे कापले जात असूनही दावा कसा करायचा हे कोणी सांगत नाही.

आधी मालकाकडची रजा पाहू. २०१७ च्या कायद्यानुसार कामगाराला वर्षाला ८ सीएल, म्हणजे किरकोळ रजा, भरपगारी मिळतात. त्या तिमाहीनुसार खात्यात जमा होतात आणि वर्षअखेरीला उरल्या तर बुडतात. वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे एक हक्काची रजा मिळते, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. मूळ कायदा १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. २०२५ मध्ये राज्याने ही मर्यादा २० वर नेली. त्यामुळे पेठांमधल्या छोट्या दुकानांतल्या नोकरांच्या पदरात या कायद्यातून फारसं काही पडत नाही, हे मान्य करायला हवं.

आता ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार यात येतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. म्हणजे १८,००० पगारावर तुमचे १३५ रुपये जातात आणि मालकाचे ५८५. मालकाने आपला वाटा तुमच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. पगारपत्रकावर १३५ च्या जागी मोठा आकडा दिसला तर विचारा. मधेच पगारवाढ होऊन २१,००० ओलांडले तरी चालू सहामाही संपेपर्यंत तुम्ही योजनेतच राहता. कंत्राटी कामगारांनाही हे सगळं लागू आहे. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

आजारपणाचा भत्ता सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के मिळतो, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पात्रतेची मेख मात्र तारखांमध्ये आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये भत्ता मिळतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरसाठी धरतात. थोडक्यात, ऑक्टोबरात डेंग्यूने आडवे झालात तर हिशेब गेल्या हिवाळ्यातल्या हजेरीचा होतो. त्या काळात खाडे जास्त झाले असतील तर दावा अडतो. नवीन नोकरीला लागलेल्याला औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, रोख भत्ता मात्र नऊ महिन्यांनंतर.

१८,००० पगार आणि पूर्ण हजेरी धरली तर रोजचा भत्ता साधारण ४१३ रुपये पडतो. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत; आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तरच ही अट लागत नाही. माझा सल्ला: त्या दोन दिवसांना सीएल लावा, पुढचे दिवस ईएसआयवर टाका. एकाच दिवसाचा पगार आणि भत्ता दोन्ही घेता येत नाहीत. ईएसआयचं शाखा कार्यालय मालकाकडून गैरहजेरीची खातरजमाही करून घेतं, तेव्हा हजेरीपटावर हजर आणि दाव्यात आजारी असला प्रकार अंगाशी येतो.

ताप आला की पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा तुमच्या नावावर असलेल्या पॅनेल डॉक्टरकडे, म्हणजे ईएसआयने नेमलेल्या खासगी डॉक्टरकडे जा. इथेच माणसं चुकतात. जवळच्या खासगी डॉक्टरकडे चार दिवस सलाईन घेतात आणि बरं वाटल्यावर मेडिकल टाकायला निघतात. दाखला तपासणीच्या तारखेपासून मिळतो, मागची तारीख घालून नाही. आजार लांबला तर साधारण दर आठवड्याला पुढचा दाखला घ्यावा लागतो आणि कामावर जाताना तंदुरुस्तीचा अंतिम दाखला. रात्रीअपरात्री खासगी रुग्णालयात भरती व्हावं लागलंच, तर डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, बिलं जपून ठेवून ईएसआय डॉक्टरला दाखवा. असा दावा वैद्यकीय रेफरीकडे, म्हणजे दाखले पडताळणाऱ्या ईएसआयच्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. वेळ लागतो, पण दार बंद नसतं. भरती होण्याइतका आजार असेल तर चिंचवडला मोहननगरचं आणि बिबवेवाडीचं अशी ईएसआयची रुग्णालयं आहेत.

दाव्यासाठी नऊ नंबरचा फॉर्म, डॉक्टरचे दाखले, ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लागते. फॉर्म तुमच्या शाखा कार्यालयात देता येतो किंवा ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून भरता येतो. पैसे थेट बँकेत येतात. त्यामुळे आधारवरचं नाव, विम्यातलं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते धडधाकट असतानाच तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे दावे इथे हमखास लटकतात.

टीबी, कॅन्सरसारख्या ३४ ठरावीक दीर्घ आजारांत ९१ दिवस संपल्यावर वाढीव भत्ता मिळतो: ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि आधीच्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते.

मालकांसाठी थोडकंच. नवा माणूस घेतल्यापासून १० दिवसांत त्याची नोंदणी करा आणि वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरा. उशिरावर १२ टक्के व्याज लागतं. भत्ता चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही. नोंदणी करायचीच टाळणाऱ्यांचं गणित मला तरी कळत नाही. ५८५ रुपये वाचवायचे आणि मग कामगाराच्या दवाखान्यासाठी हजारोंची उचल द्यायची, ती फिटेपर्यंत दोघांची कुरकुर!

वर्गणी कापली पण भरली नाही असा संशय असेल तर पोर्टलवर आपल्या वर्गणीचा तपशील बघा. तक्रार बिबवेवाडीच्या पंचदीप भवनातल्या ईएसआयच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. सीएल आणि हक्काच्या रजेचा वाद असेल तर वाकडेवाडीला कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात जावं लागतं. ईएसआयवाले त्यात पडत नाहीत. नुसती चौकशी करायची असेल तर ईएसआयचा टोल फ्री नंबर १८००-११-२५२६ आहे. फोन करताना विमा क्रमांक हाताशी ठेवा.