मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा धूसर दिसतंय? नवा चष्मा करण्याआधी हे वाचा

ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षं छान दिसत होतं, आता पुन्हा डोळ्यापुढे धुकं येतं, अशी तक्रार घेऊन बरेच जण आमच्या दुकानात नंबर काढायला येतात. कितीही काचा बदलून पाहिल्या तरी तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. अशा वेळी आम्ही चष्मा करून देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, पण चष्म्याने सुटणारा प्रश्नच नसेल तर पैसे घेऊन करायचं काय?

'मोतीबिंदू परत आला' असं लोक म्हणतात. तो परत येत नाही. बहुतेक वेळा ऑपरेशनमध्ये बसवलेल्या लेन्सच्या मागे, डोळ्यातलं मूळचं भिंग ज्या पातळ पिशवीत असतं तिच्यावर पडदा धरतो. यात लेन्सची चूक नसते, सहसा डॉक्टरांचीही नसते. लेसरने काही मिनिटांत काम होतं. यासाठी भरपाई मागायला जाऊ नका.

पण क्वचित लेन्सच गढूळ होते. पाणी धरून ठेवणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या काही लेन्समध्ये कॅल्शियमचे कण साचल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत. दोष दर वेळी धूसरपणाचाच असतो असंही नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिटनच्या नियामक संस्थेने 'आयसी वन' नावाच्या लेन्स वापरणं थांबवायला सांगितलं, कारण त्या बसवलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यातला दाब वाढला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेन्स गढूळ झाली असेल तर लेसरने फरक पडत नाही. उलट लेसरने मागची पिशवी उघडली गेली, की पुढे लेन्स बदलण्याचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. म्हणून लेसरला 'हो' म्हणण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, "पडदा आलाय की लेन्स खराब झालीय?" उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. शंका वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तिसरा प्रकार म्हणजे लेन्स चांगली, पण पॉवर चुकीची. तिथे प्रश्न लेन्सच्या कंपनीचा नसतो, ऑपरेशनआधी डोळ्याचं माप घेणाऱ्यांचा असतो. थोडाफार नंबर उरणं मात्र नेहमीचं आहे, तेवढ्यावर चूक ठरत नाही.

लेन्सच्या डबीतून बोटभर स्टिकर निघतात. त्यावर मॉडेल, पॉवर आणि सिरियल नंबर असतो. एक स्टिकर तुमच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा लेन्स कार्डावर असायला हवा. मागच्या दिवाळीत एक काकू फाईल घेऊन आल्या, तर स्टिकरच्या जागी नुसता गोंदाचा चौकोन! नातवाने तो आपल्या वहीवर चिकटवला होता. नशीब, वही रद्दीत गेली नव्हती. स्टिकर नसेल तर हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून कागद मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार 72 तासांत ते मिळायला हवेत. मात्र डॉक्टरांवर कागद ठेवण्याचं बंधन 3 वर्षांचंच आहे, तेव्हा उशीर नको. लेन्स काढावी लागली तर तीही सीलबंद करून मागून घ्या. पुरावा तोच.

भरपाईसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं. लेन्समध्ये दोष असेल तर लेन्स बनवणारी कंपनी जबाबदार, निष्काळजीपणा झाला असेल तर डॉक्टर आणि हॉस्पिटल. नक्की कोणाचं चुकलं हे कळत नसेल तर दोघांनाही तक्रारीत घ्या. बिलात लेन्सची किंमत वेगळी लावली आहे का, तेही बघा. ऑपरेशनचा खर्च 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. मुदत 2 वर्षांची. 'दोष मला उशिरा कळला' हे मांडता येतं, पण त्याच्या भरवशावर बसू नका. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घेतलेलं बरं.

बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच. फुकट ऑपरेशनचं मात्र जरा वेगळं आहे. सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या निकालाप्रमाणे, जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतात तिथले फुकट उपचार घेणारेही ग्राहक ठरतात. जिथे सगळ्यांनाच फुकट आहे, तिथे या आयोगाचा रस्ता बंद. मग दिवाणी दावा उरतो. महिलांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यासाठी मोफत वकील मिळू शकतो.

आम्ही वकील नाही आणि डोळ्यांचे डॉक्टरही नाही. पण फाईल घेऊन आलात तर कागद तारखेनुसार लावून देऊ, आणि आज कोणत्या नंबरने किती दिसतं याचा लेखी रिपोर्ट देऊ. त्याचे पैसे नाहीत. येताना जुना चष्माही आणा. सोमवारी दुकान बंद असतं.