भौतिकशास्त्र ऑलिंपियाड आणि खगोल ऑलिंपियाड: अभ्यास कुठे एक, कुठे वेगळा?

अकरावी-बारावीतली बरीच मुले दोन्ही परीक्षांचे अर्ज भरतात, पण अभ्यास एकाच परीक्षेचा करतात. जेईईसाठी भौतिकशास्त्र घोटलेले असतेच. वर ग्रहताऱ्यांची थोडी माहिती वाचली की खगोलचीही तयारी झाली, असा समज असतो. पहिल्या टप्प्यावर तो खपूनही जातो. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही संस्था घेते त्या एनएसईए या पहिल्या टप्प्याच्या खगोल परीक्षेत गणित आणि भौतिकशास्त्राचे प्रश्न भरपूर असतात. त्यापुढची आयएनएओ ही दुसऱ्या टप्प्याची परीक्षा आणि मग मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले निवड शिबिर, इथे मात्र हा समज उघडा पडतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर भौतिकशास्त्र ऑलिंपियाड १९६७ साली वॉर्सात सुरू झाली. खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिंपियाड २००७ साली थायलंडमधल्या चिआंग माई इथे. (ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईतच झाली.) भौतिकशास्त्राच्या ऑलिंपियाडमध्ये लेखी परीक्षा आणि प्रयोग असतात. खगोलच्या ऑलिंपियाडमध्ये लेखी परीक्षा, निरीक्षणांच्या आकड्यांचे विश्लेषण आणि आकाशनिरीक्षण. सगळा फरक इथूनच सुरू होतो. प्रयोगशाळेत तारेची लांबी बदलता येते, वजन बदलता येते. ताऱ्याचे काहीच आपल्या हातात नसते. त्याचा प्रकाश आणि आकाशातली त्याची जागा, एवढ्यावरून बाकी सगळे काढायचे असते.

गुरुत्वाकर्षण, केप्लरचे नियम, कोनीय संवेग, कृष्णवस्तूचे प्रारण, डॉप्लर परिणाम, भिंगे आणि आरसे, हायड्रोजनच्या वर्णरेषा हा भाग दोन्हीकडे लागतो. विद्युत परिपथांवर भौतिकशास्त्रासाठी जेवढा वेळ घालवता, तेवढा खगोलसाठी नको. पण सामाईक भागातही प्रश्न विचारण्याची तऱ्हा वेगळी असते. मंगळाला सूर्याभोवती फिरायला ६८७ दिवस लागतात, हे केप्लरच्या तिसऱ्या नियमाने निघते आणि भौतिकशास्त्राचा विद्यार्थी तिथे थांबतो. खगोलचा प्रश्न असा असतो: आज मंगळ पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे प्रतियुतीत आहे, तर पुन्हा तसा कधी येईल? दरम्यान पृथ्वीही फिरते आहे, म्हणून दोन्ही कोनीय वेगांची वजाबाकी करावी लागते. उत्तर येते सुमारे ७८० दिवस. आपण स्वतः फिरत्या जागेवरून बघतो आहोत, हे दर गणितात लक्षात ठेवावे लागते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो गोलीय भूमितीला, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरच्या कोन-अंतरांच्या गणिताला, कारण ती शाळा-कॉलेजात शिकवतच नाहीत. अगस्त्य ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, सुमारे उणे ५२.७ अंश आहे. मुंबईचा अक्षांश १९ धरला, तर दक्षिणेला तो जास्तीत जास्त ९० − १९ − ५२.७, म्हणजे १८.३ अंश वर येईल. इथवर साधी बेरीज-वजाबाकी आहे. आता विचारा, तो क्षितिजाच्या वर किती वेळ राहील? त्यासाठी होराकोन लागतो, म्हणजे मावळताना तारा आपल्या उत्तर-दक्षिण मध्यान्हरेषेपासून किती अंश सरकलेला असतो तो कोन. सूत्र असे: होराकोनाचा कोसाइन = −(अक्षांशाचा टॅन × क्रांतीचा टॅन). होराकोन येतो साधारण ६३ अंश. त्याची दुप्पट करून १५ ने भागले की जवळपास ८ तास २५ मिनिटे. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा गोलीय त्रिकोणाच्या कोसाइन नियमातून एकदा स्वतः काढून बघा. दिगंश (क्षितिजावरची दिशा सांगणारा कोन), उदयाची वेळ, दोन ताऱ्यांमधले कोनीय अंतर, सगळे त्या एका नियमातून सुटते.

दुसरी अनोळखी गोष्ट म्हणजे प्रत, ताऱ्याच्या तेजाचे माप. तेजस्विता शंभरपट वाढली की प्रत ५ ने कमी होते. मापन लॉगचे असल्यामुळे प्रतींची थेट बेरीज करता येत नाही. दुसऱ्या प्रतीचे दोन तारे डोळ्यांना एकच दिसत असतील, तर त्यांची एकत्रित प्रत ४ होत नाही, १ ही होत नाही, ती १.२५ च्या आसपास येते. चांगली गणिते सोडवणारी मुलेही इथे घसरतात.

उलट कॅल्क्युलसची धास्ती नको. आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाडच्या अभ्यासक्रमातच म्हटले आहे की प्रमाणित उत्तरात कॅल्क्युलस लागू नये. लॉग आणि आलेख मात्र हातात बसलेले हवेत. सेफीड या ठरावीक काळाने तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचे आवर्तकाल आणि प्रती दिल्या, तर आवर्तकालाचा लॉग घेऊन आलेख काढायचा, उतार मोजायचा, अंतर काढायचे आणि त्यातली त्रुटीही सांगायची. प्रतीत ०.१ चा फरक पडला, तर अंतरात जवळपास ५ टक्के पडतो. हा सराव कागद-पेन्सिलीनेच करा. संगणकाने काढलेल्या आलेखाने हात तयार होत नाही.

आकाशनिरीक्षणाला भौतिकशास्त्राच्या बाजूला जोडच नाही, आणि नेमके तेच सगळ्यात उशिरा सुरू होते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाश फारसे मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर ते मे हे महिने हातचे घालवू नका. पुण्यात १९४४ पासून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था, वांगणीला आकाशदर्शन घडवणारे मुंबईचे खगोल मंडळ, यांच्याबरोबर अंधाऱ्या जागी जा, दुर्बीण स्वतः लावायला शिका. आपला अक्षांश कमी असल्याचा फायदाही घ्या. मे महिन्यात संध्याकाळनंतर त्रिशंकू या तारकासमूहाचे चारही तारे आपल्याकडून दक्षिण क्षितिजाजवळ दिसतात. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा दिल्लीहून क्षितिजावर येतच नाही. आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाड २०१२ आणि २०२४ मध्ये ब्राझीलला झाली होती, त्यामुळे दक्षिणेचे आकाश ओळखीचे असलेले बरे. पावसाळ्यात स्टेलॅरियम हे पडद्यावर आकाश दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर वापरा आणि होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला घ्या. सुरुवात आयएनएओच्या प्रश्नांपासून करा. एनएसईएच्या प्रश्नांवरून पुढच्या टप्प्याचा अंदाज येत नाही.