बिडाचा मॅनिफोल्ड, नळ्यांचे हेडर आणि ‘मूळ स्थिती’चा घोळ

बडोद्यातल्या जुन्या मिस्त्रींच्या बोलण्यात ‘हेडर’, म्हणजे बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी बसवायचा सुट्या नळ्यांचा जुडगा, नव्हताच. इंजिनाला चिकटून सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करतो तो मॅनिफोल्ड, आणि तिथून मागच्या बंपरपर्यंत जे काही जाईल ते सगळं सायलेन्सर.

१९४६-४८ च्या शेवरोलेतलं २१६ घनइंची इंजिन घ्या. त्यात हवा-पेट्रोल आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड जळका वायू बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पाठीवरच बोल्टने बसवलेला असतो. कार्बोरेटरखालची जागा तापावी आणि पेट्रोलची नीट वाफ व्हावी, म्हणून. थंड देशातली सोय ती. आपल्याकडे मे महिन्यात तिचा जाचच व्हायचा. तापून-निवून बीड तडकतं. सकाळी गाडी सुरू केली की टक-टक-टक, मग धातू फुगून भेग मिटते आणि आवाज बंद. मालकाला वाटायचं, गाडी सुधारली! पितळी वेल्डिंगवर एखाद-दुसरा उन्हाळा निघायचा.

१९७३ नंतर पेट्रोल भडकलं, तेव्हा कित्येकांनी इंजिनच उतरवून डिझेल बसवलं. आरसी बुकात नोंद झाली की विषय संपला. त्या काळी ‘ओरिजिनल’ म्हणजे फार तर मूळ रंग.

हेडर आले ते गाड्या पुन्हा हौसेच्या झाल्यावर. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. म्हणजे एक ठिणगी पुढच्या तिघांत, त्यानंतरची मागच्या तिघांत. तीन-तीन नळ्यांचे दोन गट केले की प्रत्येक गटाला २४० अंशांच्या समान अंतराने धक्का मिळतो आणि जळका वायू एकमेकांच्या वाटेत येत नाही. मकरपुऱ्यातला चांगला फॅब्रिकेटर हे सहज करून देतो. अवघड असतं ते कार्बोरेटरखालची गेलेली ऊब भरून काढणं. शिवाय पातळ नळ्यांची धग बोनेटखाली जास्त पसरते. पेट्रोलची लाइन जवळून जात असेल तर व्हेपर लॉक, म्हणजे लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं, ठरलेलाच.

खरं भांडण मात्र ‘मूळ’ या एका शब्दाचं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या, गाडीत बदल करण्याविषयीच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये कडक न्यायालयीन निकाल आला. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी ‘व्हीए’ या खास नंबर मालिकेचे नियम आले: गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारी ‘भरीव’ दुरुस्ती झालेली नको. आता बोल्टने लागणारा आणि बोल्टनेच सुटणारा हेडर हा इंजिनातला बदल कसा? माझ्या मते नाही. ब्लॉक तोच, हेड तेच, नंबर तोच. पण तपासणाऱ्याने बोनेट उघडलं की त्याला आधी चकचकीत नळ्याच दिसतात.

त्यातही गंमत अशी की १९५३ ची पहिली कॉर्व्हेट याच घराण्यातलं २३५ घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन आली, तीही कारखान्यातूनच दुहेरी एक्झॉस्टसह. अमेरिकेतले हौशी लोक बिडाचा मॅनिफोल्ड तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मध्ये कापून हेच करत. मग त्या काळातला जोडभाग ‘मूळ’ धरायचा की नाही?

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात देशभरच्या जुन्या गाड्या मांडल्या गेल्या, तेव्हापासून इथले मालक जास्तच सावध झालेत. तडकलेला मॅनिफोल्डही आता कुणी भंगारात देत नाही. तेल चोपडून, गोणपाटात गुंडाळून तो माळ्यावर ठेवतात. प्रदर्शनाआधी खाली उतरवतात, नवी पॅकिंग घालतात आणि गंजलेला एखादा स्टड हेडमध्येच तुटू नये म्हणून आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवतात.