‘रेडिओलॉजी’ : एका शब्दाच्या पोटातले दोन विभाग

तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू होण्याआधी कोल्हापुरातल्या रुग्णालयांत नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : ‘‘सीटी तर परवाच काढली, आता परत कशाला?’’ चंदगड, आजरा किंवा निपाणीकडून एसटीने आलेल्या माणसाला आठवड्याभरात दुसऱ्यांदा सीटीच्या टेबलावर झोपवले जाते, तेव्हा त्याच्या घरच्यांना बिल वाढवल्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे अर्धे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि उरलेले अर्धे, ज्याची चर्चा फारशी होत नाही, ते एकाच विषयाच्या जुन्या वाटणीत आहे.

क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत लागला आणि १८९६ मध्येच ते गाठींवर उपचार म्हणूनही वापरले जाऊ लागले. एकाच नळीने हाड पाहायचे आणि तिनेच गाठ जाळायची, अशी ती सुरुवात होती. बीजगणितातल्या अज्ञात संख्येचे अक्षर मराठीने उचलले म्हणून पुस्तकांत ‘क्ष-किरण’ रूढ झाले. बोलण्यात मात्र पहिल्यापासून दोन वेगळे शब्द राहिले. पाहण्यासाठी काढतात तो ‘फोटो’ आणि उपचारासाठी देतात तो ‘शेक’. पुढे पदव्यांच्या नावांनी जो गोंधळ घातला, तो या दोन शब्दांत कधीच नव्हता.

किरणोत्सारी कोबाल्टच्या स्रोतातून किरण सोडणाऱ्या कोबाल्ट यंत्राने १९५१ साली कॅनडात पहिले रुग्णोपचार झाले आणि नंतरची काही दशके आपल्याकडच्या किरणोपचारांची भिस्त याच यंत्रावर होती. तो काळ आज फार साधा वाटतो, पण त्यात हाताचे कौशल्य मोठे होते. शिशाची मऊ तार रुग्णाच्या छातीभोवती किंवा जबड्याभोवती दाबून बसवायची, तिचा आकार न मोडता ती उचलायची, आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायची आणि त्या वेड्यावाकड्या वर्तुळात गाठ कुठे असेल ते एक्स-रेच्या फिल्मवरील हाडांच्या खुणांवरून ठरवायचे. किती खोलीवर किती मात्रा पोहोचते याची कोष्टके भिंतीवर लावलेली असत. कोबाल्टचा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, ५.२७ वर्षे असल्याने स्रोत दर महिन्याला साधारण एक टक्क्याने क्षीण होतो, म्हणून दर महिन्याला वेळेचा हिशेब नव्याने मांडावा लागे. नव्या स्रोताला दोन मिनिटे लागणाऱ्या शेकाला पाच-सव्वापाच वर्षांनी चार मिनिटे लागत आणि बाहेरच्या बाकावरची रांग त्याच प्रमाणात लांबत असे. या सगळ्यात गाठ दिसत नसे, तिचा अंदाज बांधला जाई, आणि तो बांधणाऱ्याला फिल्म वाचता येणे ही किमान अट होती.

विषयाची वाटणी झाली ती नेमकी याच टप्प्यावर. भारतात बराच काळ ‘एमडी रेडिओलॉजी’ या एकाच पदवीत निदान आणि उपचार दोन्ही शिकवले जात. पुढे ‘रेडिओडायग्नोसिस’ आणि ‘रेडिओथेरपी’ अशा दोन पदव्या झाल्या आणि अलीकडे दुसरीचे नावही बदलून ‘रेडिएशन ऑन्कॉलॉजी’ झाले. वाटणीच्या बाजूने दिली जाणारी कारणे खोटी नाहीत. किरणोपचार देणाऱ्याला रुग्णाचे वजन, रक्त, तोंडातले व्रण आणि केमोथेरपीची गुंतागुंत सांभाळावी लागते, तर निदान करणाऱ्यासमोर दिवसभरात अपघात, क्षय, मुतखडा आणि गरोदरपणाची सोनोग्राफी असे सगळेच येते. दोन्ही विषय एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते. तरीही या निर्णयाची जी किंमत मोजावी लागली, तिचा हिशेब कोणी नीट मांडलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एका बाजूला गाठ उत्तम वाचणारा, पण शेक कसा बसतो हे कधी न पाहिलेला डॉक्टर तयार झाला. दुसऱ्या बाजूला शेक देणारा, पण एमआरआय वाचायला बऱ्याच अंशी स्वतःच शिकलेला. महानगरांतल्या मोठ्या केंद्रांत दोघे आठवड्यातून एकदा तरी एका टेबलाशी बसतात. जिल्ह्याच्या गावी त्यांच्यात दुवा असतो तो फाईलमधल्या दीड पानाच्या रिपोर्टचा, आणि तोही बहुधा शस्त्रक्रिया करणाऱ्याला काय लागेल ते डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो. लोकांच्या लेखी मात्र दोघेही ‘रेडिओलॉजीवालेच’ राहिले.

योगायोग असा की वाटणी रुजत असतानाच दोघांना पुन्हा जोडणारे यंत्र आले. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. निदान करणाऱ्यांना त्यात चित्र दिसले. उपचार करणाऱ्यांना मात्र चित्राइतकेच त्यामागचे आकडे मोलाचे वाटले. सीटीतला प्रत्येक ठिपका एक संख्या असतो, पाण्यासाठी शून्य आणि हवेसाठी उणे १,०००, आणि त्या संख्यांवरून किरण कुठे किती शोषले जातील याचे गणित करता येते. एमआरआय कितीही सुबक असला तरी त्यातून हे आकडे थेट मिळत नाहीत.

दुसऱ्या सीटीचे कारण इथे आहे. निदानाच्या सीटीचे टेबल पाळण्यासारखे खोलगट असते, किरणोपचाराचे सपाट; म्हणून नियोजनाचे स्कॅन सपाट फळीवरच व्हावे लागते. त्याआधी जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवतात, निथळवून रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि पाच-दहा मिनिटांत तो नाकाडोळ्यांचा आकार धरून कडक होतो. भिंतीवरच्या लेसरच्या रेषा जिथे छेदतात तिथे या मास्कवर खुणा होतात. पुढे आठवड्याला पाच याप्रमाणे ३३ ते ३५ वेळा रुग्णाला याच मास्कमध्ये झोपायचे असते. मग डॉक्टर संगणकावर स्कॅनच्या एकेका कापावर रेषा काढतो : दिसणारी गाठ, तिच्याभोवतीचा न दिसणाऱ्या प्रसाराचा भाग आणि त्याबाहेर हालचालीसाठी सोडलेली जागा. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने या तीन रेषांना नावे दिली. त्यांतली फक्त पहिली स्कॅनवर दिसते, आणि ती नेमकी कुठे संपते हे सांगणारा डॉक्टर ती काढताना बहुतेक वेळा खोलीत नसतो.

कोल्हापुरासाठी अलीकडचे दशक या सगळ्यापेक्षा अधिक उलथापालथीचे ठरले. राज्याची आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून कोल्हापुरासह उरलेल्या जिल्ह्यांत आली. पूर्वमंजुरीसाठी रिपोर्ट अपलोड करणे आले आणि ‘तुकडा तपासला का’ (म्हणजे बायॉप्सी झाली का) याइतकेच ‘स्कॅन आहे का’ हेही खिडकीवर विचारले जाऊ लागले. किरणोत्सारी साखर टोचून कर्करोग शरीरात कुठे आहे हे दाखवणाऱ्या पेट-सीटी स्कॅनने अंतराचा प्रश्न नव्याने पुढे आणला. या साखरेचा अर्धायुकाल ११० मिनिटे आहे; पुण्याहून निघालेली कुपी महामार्गावर चार तास राहिली, तर कोल्हापुरात पोहोचेपर्यंत तिच्यात पाव हिस्साही उरत नाही.

आता शेक देणाऱ्या, विजेवर किरण तयार करणाऱ्या लिनॅक यंत्रालाच स्कॅनची सोय जोडलेली असते. रोज शेक देण्यापूर्वी ते रुग्णाभोवती एक फेरी घेते आणि तंत्रज्ञ त्या दिवसाचे चित्र पहिल्या दिवसाच्या चित्रावर ठेवून जबड्याचे हाड जुळवतो. चौथ्या आठवड्यापर्यंत गाठ आटलेली असते, जेवण सुटल्याने गाल बसलेले असतात आणि मास्क सैल झालेला असतो. अशा वेळी कधी नवा मास्क करून तिसरी सीटी काढावी लागते. या रोजच्या चित्रांचा रिपोर्ट कोणी लिहीत नाही. निदानाचा विभाग असतो पलीकडच्या इमारतीत, आणि तिथवर ती चित्रे जात नाहीत.