आयसीयूतलं बेसिन आणि रेफरची चिठ्ठी

पावसाळ्यात कोकणात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायूच संप पुकारतात. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करतं. प्रतिविष दिलं तरी झालेली इजा लगेच भरून येत नाही. शरीर ती टोकं पुन्हा उभी करेपर्यंत रुग्णाला व्हेंटिलेटरवर सांभाळायचं, त्याला दुसरा इलाज नाही. बाकी माणूस तरणाताठा, हृदय ठणठणीत, मूत्रपिंडं ठणठणीत. असा रुग्ण वाचायलाच हवा. पण त्याच दिवसांत श्वासनलिकेतल्या नळीवाटे जंतू फुप्फुसात उतरले आणि ते एकाही अँटिबायोटिकला दाद देईनात, तर सापाच्या विषातून सुटलेला माणूस न्यूमोनियाच्या हाती सापडतो.

असे जंतू आयसीयूतच का माजतात? तिथे बहुतेकांना काही ना काही अँटिबायोटिक चालू असतं. साधे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांना मोकळं रान मिळतं. शिवाय घशात नळी, मानेत नळी, लघवीची नळी. त्वचेनं आणि खोकल्यानं एरवी जे बाहेर रोखलं असतं, त्याला आत जायला आयते रस्ते. क्लेब्सिएल्लासारखे जंतू औषधाला तोंड द्यायची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या छोट्या डीएनए-कड्यांवरून शेजारच्या जंतूला देऊन टाकतात, तो वेगळ्या जातीचा असला तरीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत कार्बापेनेमला न जुमानणारे क्लेब्सिएल्ला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर सर्वांत गंभीर गटात आहेत. कार्बापेनेम हे तसं राखीव ठेवायचं औषध. तेही हरलं की डॉक्टर कोलिस्टिनकडे वळतात. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून एके काळी बाजूला पडलेलं हे औषध पुन्हा बाहेर काढावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

औषधांची ही लढाई आपण हरत चाललो आहोत, हे मान्य करायला हरकत नाही. जंतूला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाऊच द्यायचं नाही, ही लढाई मात्र जिंकता येते, आणि तिला खर्चही फार येत नाही.

रात्री दोन वाजता सिस्टर एका रुग्णाचं सक्शन करतेय, म्हणजे नळीतला कफ ओढून काढतेय. शेजारचा मॉनिटर किंचाळतो. ती तशीच वळते आणि ग्लोव्हज घातलेल्या हाताने अलार्मचं बटण दाबते. ग्लोव्हजने तिचा हात वाचला, पण बटणावर कफातले जंतू बसले. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतो. सकाळी राउंडला आलेले डॉक्टर तेच बटण दाबतात आणि पुढच्या रुग्णाची छाती तपासतात. इथे ग्लोव्हज उतरवून अल्कोहोलचं हँडरब २० ते ३० सेकंद चोळायला हवं होतं, आणि त्यासाठी बाटली खाटेच्या कठड्यालाच हवी, दारापाशी असून उपयोग नाही. एक गोष्ट स्पष्टच सांगतो: एका सिस्टरच्या अंगावर व्हेंटिलेटरचे चार रुग्ण टाकायचे आणि भिंतीवर ‘हात धुवा’ची पोस्टरं लावायची, हा ढोंगीपणा आहे.

हात धुण्याचं बेसिनच कधी कधी घात करतं. २०१७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बेसिनखालच्या वाकड्या नळीत, जिथे पाणी कायम साचून असतं तिथे, हिरवे चमकणारे ई. कोलाय जंतू सोडले. खाद्य मिळाल्यावर ते पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरातून दिवसाला सुमारे एक इंच या वेगाने वर चढले आणि आठवडाभरात बेसिनच्या जाळीपाशी पोहोचले. मग नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर बाहेर. आणि हे खाद्य त्यांना देतं कोण? आपणच! उरलेलं सलाईन, नळीवाटे द्यायचं पातळ जेवण, नातेवाइकांचा अर्धा कप चहा, सगळं त्याच बेसिनमध्ये ओतलं जातं. नेदरलँड्समधल्या एका आयसीयूने तर रुग्णांच्या खोल्यांतली बेसिनंच काढून टाकली, अंग पुसायला तयार ओले रुमाल वापरले. क्लेब्सिएल्ला, ई. कोलाय ज्या गटात येतात त्या गटातल्या जंतूंचं रुग्णांच्या अंगावर ठाण मांडणं त्यानंतर कमी झालं. आपल्याकडे बेसिन उखडायची गरज नाही. ते हात धुण्यापुरतंच ठेवावं, त्याच्या ओट्यावर औषधांचे ट्रे मांडू नयेत, नळाची धार थेट जाळीवर पडू देऊ नये. जून ते सप्टेंबर कोकणात भिंतीसुद्धा घामेजतात, एसीखाली पाणी ठिबकतं, फडकी वाळत नाहीत. तेव्हा एकाच बादलीतल्या ओल्या फडक्याने सगळ्या खाटा पुसून काढणाऱ्या मावशींना प्रत्येक खाटेला वेगळं, सुकं, धुतलेलं फडकं मिळतंय का, हे कुणीतरी बघायला हवं.

नळ्यांचंही तेच. मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंनी मोठ्या शिरेतली नळी घालताना पाच साध्या गोष्टी कटाक्षाने पाळल्या. नको असलेली नळी लगेच काढणं ही त्यातलीच एक. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तातल्या जंतुसंसर्गाचं मध्यक प्रमाण १००० नळी-दिवसांमागे (एक नळी एक दिवस राहिली की एक नळी-दिवस) २.७ होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवलं की पोटातलं घशात आणि घशातलं फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो. त्याला खाट वर करायचा दांडा फिरवावा लागतो, बस्स.

कोकणात मात्र आणखी एक वाट उघडी राहते, ती म्हणजे रेफर, रुग्णाला पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवणं. सिंधुदुर्गातला रुग्ण गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात जातो, रत्नागिरीतला घाट चढून कोल्हापूरला, रायगडातला मुंबईला. त्याच्याबरोबर जंतूही १०८ च्या गाडीतून प्रवास करतो. रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे जंतू आतड्यात कित्येक महिने गुपचूप राहू शकतात, माणूस आजारी दिसत नाही. आणि कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर रुग्ण पुढच्या आयसीयूत सहा जणांच्या मधोमध झोपलेला असतो आणि रिपोर्ट इकडे जुन्या फाइलला टाचला जातो.

म्हणून रेफरच्या चिठ्ठीत तीन ओळी वाढवाव्यात: कोणत्या नळ्या किती दिवस होत्या, कोणती अँटिबायोटिक्स दिली, कोणतं कल्चर पाठवलंय आणि त्याची चौकशी कोणत्या नंबरवर करायची. रिपोर्टमध्ये रेझिस्टंट जंतू निघाला तर लॅबने पुढच्या हॉस्पिटलला त्याच दिवशी फोन करावा, आणि हा फोन कोणी करायचा ते माणसाच्या नावानिशी ठरलेलं असावं. घेणाऱ्या आयसीयूने दुसरीकडे आठवडाभर राहून आलेल्या रुग्णाचा गुदमार्गाचा स्वॅब घ्यावा, आणि उत्तर येईपर्यंत त्याला कडेची खाट, वेगळा स्टेथोस्कोप, वेगळा बीपीचा पट्टा द्यावा. नातेवाइकांनीही डिस्चार्जचे कागद घेताना कल्चर रिपोर्टची झेरॉक्स हक्काने मागावी आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वर काढून दाखवावी, मग तो दवाखाना दाताचा का असेना.