ध्वनिवेगाची भिंत आणि विमानाची शेपूट

१९४१ मध्ये लॉकहीडचं पी-३८ हे लढाऊ विमान नवंकोरं होतं आणि वैमानिक त्याला घाबरू लागले होते. उंचावरून सूर मारला आणि वेग ध्वनिवेगाच्या दोन तृतीयांशांपलीकडे गेला, की विमान थरथरायचं, नाक आपोआप आणखी खाली झुकायचं, आणि दोन्ही हातांनी जोर लावला तरी स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, मागे येत नसे. त्या नोव्हेंबरात चाचणी वैमानिक राल्फ व्हर्डन अशाच एका उड्डाणात मरण पावले. जे वाचले ते बहुधा खालच्या हवेत उतरल्यावर. तिथे हवा उबदार असते, त्यामुळे ध्वनीचाच वेग जास्त असतो आणि विमान त्याच्या तुलनेत पुन्हा ‘हळू’ ठरतं.

ही तुलना म्हणजेच मॅक अंक. अर्न्स्ट माख यांनी १८८७ मध्ये बंदुकीच्या गोळीपुढे उठणाऱ्या आघात तरंगांची, म्हणजे हवेचा दाब जिथे एकदम वाढतो त्या लाटांची, छायाचित्रं प्रसिद्ध केली होती. त्यांचं नाव या अंकाला १९२९ मध्ये याकोब आकरेट यांनी दिलं. विमानं तेव्हा ध्वनिवेगाच्या आसपासही नव्हती, पण प्रोपेलरच्या पात्यांची टोकं होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर लगेचच त्या टोकांपाशी कार्यक्षमता ढासळते हे लक्षात आलं होतं. पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा विमानापेक्षा वेगाने धावते. म्हणून विमान मॅक ०.७ वर असतानाच पंखाच्या पाठीवर कुठेतरी मॅक १ ओलांडला जातो आणि तिथे आघात तरंग उभा राहतो. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लँगली प्रयोगशाळेत जॉन स्टॅक यांनी तो विंड टनेलमध्ये, म्हणजे वेगाने हवा सोडून चाचणी करायच्या बोगद्यात, छायाचित्रात पकडला. तरंगामागे हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो, विमानाला वर तोलणारी उचल घटते, तिचं केंद्र मागे सरकतं आणि नाक खाली जातं.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. रोमच्या परिषदेत आडोल्फ बुसेमान यांनी मागे वळवलेल्या पंखांची कल्पना मांडली. जर्मनीबाहेर तिच्याकडे जवळजवळ कुणी लक्ष दिलं नाही. आणि ब्रिटनमध्ये डब्ल्यू. एफ. हिल्टन यांनी पत्रकारांना अवरोधाचा, म्हणजे हवा विमानाला जो विरोध करते त्याचा, आलेख दाखवत, ध्वनिवेगाजवळ तो भिंतीसारखा वर चढतो, असं काहीसं सांगितलं. वर्तमानपत्रांनी मग खरोखरची भिंतच बांधून टाकली. गोळ्या आणि तोफगोळे ती रोज ओलांडत होते, हे कुणी विचारात घेतलं नसावं.

अवरोधावर तोड होती: पातळ पंख आणि भरपूर जोर. खरी पंचाईत एलेव्हेटरची होती. आडव्या शेपटीचा पुढचा भाग स्थिर आणि मागे नाक वर-खाली करणारी, बिजागरीवर हलणारी पट्टी, म्हणजेच एलेव्हेटर, हीच तेव्हाची सर्वमान्य रचना. कमी वेगात ती चोख चालते, कारण पट्टी थोडी जरी वळली तरी दाबातला बदल हवेतून पुढेही पसरतो आणि अख्खी शेपूट जोर लावते. पण हा बदल ध्वनीच्याच वेगाने पसरतो. शेपटीवरची हवा ध्वनिवेग ओलांडून आघात तरंग बिजागरीपाशी येऊन बसला, की पट्टीची हालचाल पुढच्या भागाला कळतच नाही. उरते ती एकटी पट्टी, तीही विस्कटलेल्या प्रवाहात.

उपाय कागदावर सोपा आहे: पट्टीऐवजी अख्खी शेपूटच फिरवायची. ध्वनिवेग ओलांडू शकेल असं विमान बनवण्याच्या ब्रिटनच्या माइल्स एम.५२ प्रकल्पात तशी शेपूट होती आणि ती एका स्पिटफायर लढाऊ विमानावर बसवून तपासलीही गेली. १९४६ मध्ये सरकारने प्रकल्पच गुंडाळला. त्याच्या माहितीचा अमेरिकेला किती उपयोग झाला, यावर ब्रिटिश अभ्यासक आजही हमरीतुमरीवर येतात.

अमेरिकेच्या बेल एक्स-१ या रॉकेट-विमानाला बिजागरीचा एलेव्हेटर होता, पण शेपटीचा पुढचा भागही स्क्रूजॅकने, म्हणजे फिरत्या स्क्रूच्या यंत्रणेने, थोडाथोडा कलवता येत असे. ऑक्टोबर १९४७ च्या सुरुवातीला मॅक ०.९४ च्या आसपास त्याचे वैमानिक चक येगर यांनी स्टिक ओढली तर विमान ढिम्म. तेव्हा अभियंता-वैमानिक जॅक रिडली यांनी हिशेब मांडून सुचवलं, की एलेव्हेटर विसरा, त्या स्क्रूनेच विमान चालवा. १४ ऑक्टोबरला सुमारे १३ किलोमीटर उंचीवर येगर मॅक १.०६ ला पोहोचले. दोनच दिवसांपूर्वी घोड्यावरून पडून त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या, म्हणून दार बंद करायला रिडलींनी त्यांना झाडूच्या दांड्याचा तुकडा दिला होता. लोकांच्या लक्षात तो झाडू राहिला. माझ्या मते स्क्रूचा मान मोठा.

त्यानंतर एफ-८६ ई या अमेरिकी लढाऊ विमानामध्ये अखंड फिरणारी शेपूट हायड्रॉलिक जोरावर आली. हवेचा भार हाताला जाणवेनासा झाल्याने स्टिकवर मुद्दाम कृत्रिम भार ठेवावा लागला, नाहीतर वैमानिकाने नकळत विमान मोडलं असतं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेल्या मिग-२१ चीही शेपूट अशीच अखंड फिरणारी.

काँकॉर्ड या ध्वनिवेगापेक्षा वेगवान प्रवासी विमानाला मात्र आडवी शेपूटच नव्हती. ध्वनिवेग ओलांडताना उचलीचं केंद्र त्याचंही मागे सरकायचं. तोल सांभाळायला पुढच्या टाक्यांतलं टनावारी इंधन मागच्या टाकीत पंपाने ढकललं जाई, आणि वेग कमी करताना पुन्हा पुढे आणलं जाई.